उसनी तळटीप

अगं, काल रात्री तुझा मेसेज वाचला. ‘ताई, तीन पुस्तकांत एकच गोष्ट सापडली, आता पक्कं ना?’ नाही गं. तिघांनीही चौथ्याच कुणाचं तरी उतरवलं असेल, तर तुझा साक्षीदार एकच. आणि तो कोण, हे तुला अजून माहीतच नाही.

हे मी कुठे शिकले ते कुणाला सांगितलं नाहीये, तुला सांगते. माझ्या प्रबंधात एक तळटीप होती, दुसऱ्याच्या प्रबंधातून पानाच्या आकड्यासकट उचललेली. मूळ ग्रंथ मी उघडलाही नव्हता. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी शांतपणे विचारलं, “हे पान तुम्ही पाहिलंत?” घरी आल्यावर पाहिलं. त्या पानावर वंशावळ होती, बाकी काही नाही.

तुझा विषय मराठेशाहीचा, म्हणून शिवजन्माचंच बघ. बखरींच्या आधारावर वर्षानुवर्षं लोक शके १५४९, म्हणजे १६२७ लिहीत आले. पुस्तकं काही कमी नव्हती! पण मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, महाराजांच्या निधनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली. मग जेधे शकावली पुढे आली. कारीच्या जेधे देशमुखांकडची ही नोंद लोकमान्य टिळकांनी १९१६ साली छापली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एवढ्यावरही भागलं नसतं. पण महाराजांच्याच काळातल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी निघाली. एक देशमुखाच्या घरची रुक्ष टिपणं, दुसरं संस्कृत काव्य. एकाने दुसऱ्याचं पाहून लिहावं असं नातंच नाही. साधन मोजायचं ते असं: कोणी लिहिलं, घटनेनंतर किती दिवसांनी, कोणासाठी, आणि त्याला ते कळलं कुठून.

म्हणून बखर फेकून द्यायची का? मुळीच नाही. तिथीसाठी ती कच्ची. पण लिहिणाऱ्याच्या काळात महाराजांकडे लोक कसे बघत होते, हे तिच्याइतकं कोण सांगणार? बरेचदा साधन खोटं नसतं गं, आपण त्याला भलताच प्रश्न विचारतो.

शोधगंगेवर जातेस ना? जरूर जा. पण तिथल्या प्रबंधातली वाक्यं नको आणूस, त्यांच्या संदर्भयाद्या आण. विकिपीडियाचंही तेच, लेख वाच आणि तळटिपांकडे जा. एआयने दिलेल्या ग्रंथनामांवर तर डोळे मिटून विसंबूच नकोस. लेखक खरा, शीर्षक झकास, आणि पुस्तक जगात कुठेच नाही, असंही होतं. ग्रंथालयाच्या सूचीत सापडलं तरच यादीत. आणि पुण्यात आलीस की भारत इतिहास संशोधक मंडळात एक आख्खा दिवस काढ. मोडी येत नसेल तर आधी शीक. त्याला पर्याय नाही.

आणखी एक. ‘पंधरा दिवसांत पेपर छापून देतो, इतके पैसे भरा’ असे मेसेज येतील. नियतकालिकाचं नाव भारदस्त असेल, विषय मात्र शेतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत सगळे एकाच अंकात. मान्य नियतकालिकांची यूजीसीची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा आता पारख तुझी तुलाच करायची आहे. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, त्यांना आपलं नाव तिथे असल्याचं ठाऊक तरी आहे का, आणि लेख तपासायला कुणाकडे जातो, एवढं विचार. उत्तर टाळलं तर पैसे भरू नकोस.

शनिवारी ये. येताना संदर्भयादी आण, आणि जे पुस्तक स्वतः हातात घेतलंयस त्याच्यापुढे पेन्सिलीने खूण कर. बिनखुणेची आपण दोघी मिळून शोधू. भाकरी-पिठलं करते.