प्रमाणपत्र नको, दिवा दाखवा

एलईडी पथदिवे लावल्याबद्दल वीजबचतीच्या वार्षिक अहवालात आमच्या वेधशाळेचं कौतुक आलंय. वाचलेल्या युनिटांचा हिशेब त्यात आहे, वाया गेलेल्या निरीक्षणांचा नाही. तो मी देतो.

रेडिओ दुर्बिणीला दिव्याचा उजेड छळत नाही, छळतो तो आतला ड्रायव्हर. तो सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो. त्याचे हार्मोनिक्स शेकडो मेगाहर्ट्‌झपर्यंत चढतात आणि खांबापर्यंत गेलेली केबलच त्यांचा अँटेना होते. खोडदची जीएमआरटी घ्या की आमची लहान यंत्रणा, काम याच पट्ट्यात चालतं. जुने सोडियम दिवे वीज खायचे, पण त्यांचे चोक या बाबतीत निमूट होते.

हे सगळं मी निविदेआधीच्या बैठकीत सांगितलं होतं. इतिवृत्तात आहे. चंद्रावर ठेवलेला मोबाइलसुद्धा आपल्याला ठळक दिसेल, इतक्या क्षीण लहरी आपण टिपतो, असंही म्हणालो. सल्लागार हसले. "अहो, दिव्यावर काय आकाशवाणी लागते का?" साहेबांना मार्चआधी निधी संपवायचा होता. विषय तिथेच मिटला.

दिवे लागले आणि रात्रपाळीच्या तक्रारी सुरू झाल्या. 200 मेगाहर्ट्‌झच्या आसपास आलेखाचा तळच वर उचललेला. आधी शेतकऱ्यांच्या मोटारींवर आळ, मग मोबाइल टॉवरवर. मी नोंदवही घेऊन बसलो. आकाशातला स्रोत रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो. ही खरखर मात्र सूर्यास्ताचं बोट धरून चालली होती, आणि आमच्या पथदिव्यांना फोटोसेल आहेत. फीडरचा एमसीबी पाडला, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवरचा तळ खाली बसला. वर केला, पुन्हा उठला. खात्री पहिल्याच वेळी झाली होती. पुढचे प्रयोग साहेबांना उभं करून केले, हे कबूल.

सल्लागारांनी काय केलं? सीआयएसपीआर 15 चं प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवलं. ते खोटं नव्हतंच. पण ते मानक लोकांच्या रेडिओ-टीव्हीत खरखर येऊ नये म्हणून आखलेलं. दुर्बिणीला त्याचा काय उपयोग? त्यावर म्हणाले, "तुमची दुर्बीणच जरा जास्त नाजूक आहे." नाजूक! त्यासाठीच तर बांधली ना ती?

तेव्हा निविदेत नुसतं 'मानकानुसार' लिहू नका. कोणत्या पट्ट्यात, किती अंतरावर, किती पातळी चालेल, हे आपल्या रिसीव्हरवरून काढा आणि तो आकडा लिहा. नमुना आपल्या आवारात मोजल्याशिवाय माल उतरवून घेऊ नका. एकटा दिवा पास होतो, सगळा फीडर लावला की नापास, म्हणून दोन्ही मोजा. बॅच बदलली की आतलं सर्किट गुपचूप बदलू शकतं. ड्रायव्हरचा मॉडेल नंबर करारात घाला. फेराइटच्या कड्या अडकवून भागेल असं सांगतील. आमचं भागलं नाही. शेवटी ड्रायव्हर खांबांवरून उतरवून फिल्टर लावलेल्या पत्र्याच्या पेट्यांत घालावे लागले, आणि बचतीतला बराच पैसा त्यात गेला. सोलर इन्व्हर्टर आणि व्हीएफडी यांनाही हेच लागू.

आणखी एक. महावितरणनं 2020 पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर नेलंय. दिवे बदलून जुने कपॅसिटर तसेच ठेवले, तर रात्री पॉवर फॅक्टर लीडिंगला जाऊ शकतो आणि वाचवलेलं बिलात दिसत नाही.

बाकी नेहमीचंच: हमी लेखी घ्या, इतिवृत्ताची प्रत घरी ठेवा.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षं छळणारे गूढ सिग्नल 2015 मध्ये त्यांच्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचे निघाले. चालू असताना कुणी दार उघडायचं. त्यांनी शोधनिबंध लिहून जगाला सांगितलं. आमच्याकडे 'किरकोळ तांत्रिक दुरुस्ती' अशी नोंद झाली.

खरी वीज खातो तो कोरिलेटरच्या खोलीचा एसी, रात्रंदिवस. बचत करायची तर तिथून सुरुवात हवी होती. पण दिवे फोटोत दिसतात, चिलर दिसत नाही. आता त्याचीही निविदा निघतेय. सल्लागार तेच आहेत.