वाक्यरचना, अलंकार आणि लेखकाची शैली

शैली म्हणजे भाषेवर चढविलेले दागिने, अशी समजूत आपल्या विद्यार्थ्यांत दृढ झालेली दिसते. निबंधात जड शब्द, लांबलचक वाक्ये आणि दोन-चार सुभाषिते घातली की शैली साधली, असे त्यांना वाटते. ही समजूत दूर व्हावी या हेतूने हा छोटासा अभ्यास आम्ही स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. आमचे म्हणणे असे की, शैली वाक्याच्या बांधणीतून घडते आणि ती बांधणी लेखकाच्या भूमिकेतून येते. यासाठी आपल्याच परंपरेतील चार उदाहरणे पाहू.

१) साखळीची रचना

महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३ साली लिहिला. त्याच्या आरंभीची छोटी पद्यरचना आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. तिच्यात विद्या, मती, नीती, गती आणि वित्त या गोष्टी कड्यांप्रमाणे एकमेकींत अडकविल्या आहेत. पहिली कडी तुटली की पुढच्या सर्व निखळतात. साहित्यशास्त्रात या रचनेला 'कारणमाला' अलंकार म्हणतात.

तथागतांच्या प्रतीत्यसमुत्पादाची मांडणीही अशीच साखळीची आहे. तिथे बारा निदाने आहेत. आरंभ अविद्येपासून आणि शेवट जरामरणात. दोन्हींचे विषय निराळे आहेत आणि एकीवरून दुसरी घेतली, असे आम्ही सुचवीत नाही. परंतु दोन्हीकडे दुःख हे दैवाने आलेले नसून कारणाने आलेले आहे, हे वाक्याची बांधणीच सांगते. ज्याला कारण आहे त्यावर उपायही आहे. येथे अलंकार हाच युक्तिवाद झाला आहे.

२) जोडीची रचना

धम्मपदाचा पहिला वर्ग 'यमकवग्ग'. त्यात वीस गाथा असून त्या जोडीजोडीने येतात. दूषित मनाने वागणाऱ्यामागे दुःख कसे येते, तर गाडी ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागे चाक यावे तसे. लगेच दुसरी गाथा निर्मळ मनाची. तिथे सुख सावलीसारखे सोबत राहते. दोन्ही गाथांची चौकट एकच, बदलतात ते मोजके शब्द. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहते आणि निवड त्याच्यापुढे उघड उभी राहते.

हीच चौकट आपल्या नाशिक जिल्ह्यात एकदा इतिहास घडवून गेली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले मुक्कामी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतराची घोषणा केली. जन्म कोणत्या धर्मात व्हावा हे आपल्या हाती नव्हते, मात्र त्या धर्मात मरायचे नाही हे आपल्या हाती आहे, असा तिचा आशय होता. एका बाजूला जन्म, दुसऱ्या बाजूला मृत्यू. एकीकडे भूतकाळ आणि होकार, दुसरीकडे भविष्यकाळ आणि नकार. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येते, म्हणून नकाराचा सारा भार वाक्याच्या अखेरीस पडतो. हा नकार २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात प्रत्यक्षात उतरला.

३) दृष्टांताची रचना

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी सुरू केलेल्या 'मूकनायक' पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. त्यातील अग्रलेखात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली आहे. प्रत्येक जात हा एक मजला. पण मजल्यांना जोडणारा जिना नाही. पुढे आगबोटीचा दृष्टांत येतो. इतरांचे नुकसान करण्यासाठी बोटीला भोक पाडणारा उतारूही अखेर बुडतोच. मनोरा आणि आगबोट या मुंबईच्या कामगाराने डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तू. अवघड सिद्धांत अशा वस्तूत बसविला की न शिकलेल्या श्रोत्यालाही तो पडताळून पाहता येतो. दृष्टांत शोभेसाठी दिला जात नाही, तो श्रोत्याला विचारात भागीदार करण्यासाठी दिला जातो.

४) कर्ता कोठे आहे?

'विहिरीवर पाणी भरण्यास मज्जाव करण्यात आला', असे वाक्य आपण बातमीत वाचतो. मज्जाव कोणी केला? वाक्यात कर्ताच नाही. कर्ता ठाऊक नसेल तेव्हा ही रचना योग्य; परंतु ठाऊक असून गाळला, तर त्याच्याबरोबर जबाबदारीही गळून पडते. याउलट बावीस प्रतिज्ञा पाहा. बहुतेक प्रतिज्ञांचा कर्ता 'मी' आहे. कोणी तरी आपला उद्धार करील, अशी भाषा तेथे नाही. मानणार नाही ते मीच आणि पालन करीन तेही मीच. 'अत्त दीप भव' या उपदेशाचे हे व्याकरण होय.

आपल्यासाठी बोध

बँकेत नोकरीनिमित्त आम्हाला रोज अर्ज वाचावे लागतात. शैक्षणिक कर्ज मागणारा हुशार विद्यार्थीसुद्धा अर्धे पान 'मी अत्यंत गरीब असून आपण कृपाळू होऊन' यातच घालवितो आणि मूळ मागणी तळाशी कोठे तरी दडते. त्याने एवढेच लिहावे : 'मी अमुक वर्गात शिकतो. या योजनेच्या अटी मी पूर्ण करतो. कागदपत्रे सोबत जोडली आहेत. कर्ज मंजूर करावे, ही विनंती.' यात उद्धटपणा नाही. विनंती आहे, पण लाचारी नाही. पहिल्या अर्जात विद्यार्थी वाकलेला आहे, दुसऱ्यात ताठ उभा आहे. फरक फक्त वाक्यरचनेचा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपले एखादे लिखाण घ्या आणि प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा. यातील कर्ता कोण? कारण सांगितले आहे का? दिलेला दृष्टांत माझ्या आईला समजेल का? अक्षरे लिहिण्याचा हक्क आपल्या पूर्वजांना शतकानुशतके नाकारला गेला, आणि तो कोणी नाकारला हेही आपण वाक्यात स्पष्ट लिहिले पाहिजे : जातिव्यवस्थेच्या रक्षकांनी. मोठ्या कष्टाने मिळालेल्या या हक्काचा उपयोग सरळ, कर्ता असलेली वाक्ये लिहिण्यासाठी करू या.

जय भीम! नमो बुद्धाय!