पाण्याखालच्या माणसाची खूण : निशाण, बोया आणि दोर

जबलपूरच्या राइट टाउनमधून दक्षिणेस निघालेला मनुष्य काही किलोमीटरांतच नर्मदेच्या ग्वारीघाटावर येऊन पोहोचतो. घाटाच्या पायरीवरून पाहिले असता नदीच्या पृष्ठभागावरील बहुतेक सर्व हालचाल दृष्टीस पडते : पैलतीराकडे यात्रेकरूंना नेणाऱ्या नावा, काठाशी स्नान करणारी माणसे, आणि कोठे जाळे लावलेले असलेच तर त्याच्या वरच्या कडेला बांधलेल्या बोयांची रांग. जाळे स्वतः दिसत नाही. परंतु बोये पाहून ते कोठून कोठवर पसरले आहे हे नावाडी ओळखतो आणि आपली नाव वळवून नेतो. बुडी मारलेल्या माणसाची मात्र अशी कोणतीच खूण मागे राहत नाही. तो जेथे दिसेनासा झाला तेथील तरंग काही क्षणांत पुसले जातात, आणि तो वर कोठे येणार हे काठावरचा कोणीही सांगू शकत नाही. जाळ्याला जी सोय आहे ती माणसालाही असावी, या साध्या विचारातून बोया, दोर व निशाण ही त्रयी पाणबुड्यांच्या साहित्यात आली.

भाल्याने मासे टिपणाऱ्या पाणबुड्यास या साधनांची गरज सर्वांत अधिक असते. तो डोळ्यांवर काचेचा मुखवटा व पायांत रबरी पर चढवून एकाच श्वासावर खाली जातो, रबराच्या ताणावर सुटणारा भाला माशावर सोडतो आणि श्वास संपण्यापूर्वी वर येतो. पाठीवर हवेची टाकी बांधून अशी शिकार करण्यास अनेक देशांत बंदी आहे, कारण मग माशाला सुटकेची संधीच उरत नाही. हा खेळ स्वच्छ समुद्राचा आहे, नर्मदेचा नव्हे. नर्मदेतील महाशीर तर २०११ पासून मध्य प्रदेशाचा राज्यमत्स्य आहे, आणि त्याची संख्या घटत असताना त्याच्यावर भाला रोखण्याचा विचारही कोणी करू नये. महाराष्ट्रात मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पाणी निवळते व पुष्कळ लोक बुड्या मारण्यास येतात. तेथील सागरी क्षेत्राचा काही भाग १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला असल्याने तेथे पाहणे हाच हेतू असावा लागतो. तथापि हातात भाला असो वा नसो, वर येणाऱ्या डोक्याला नौकेचा पंखा सारखाच घातक. म्हणून पुढील विवेचन दोघांनाही लागू आहे. आणि नौका चालविणाऱ्यालाही, किंबहुना त्याला थोडे अधिकच.

धोका किती आहे हे एका लहानशा गणिताने कळते. दहा मीटर खोलीवर असलेला पाणबुड्या सेकंदाला सुमारे एक मीटर या गतीने वर येतो, म्हणजे त्यास दहा सेकंद लागतात. निघताना त्याने वर पाहिले व पाणी मोकळे दिसले. त्याच वेळी ताशी ३० किलोमीटर वेगाची एखादी मोटारबोट ८० मीटर अंतरावर आहे असे समजू. ती सेकंदाला ८ मीटरांहून थोडे अधिक अंतर कापते. दहा सेकंदांत तिची मजल ८३ मीटरांची होते. अर्थात ती व तो एकाच जागी, जवळजवळ एकाच क्षणी पोहोचतात. त्याच्या हाती श्वास उरलेला नसल्यामुळे त्यास खाली थांबता येत नाही; आणि नावाड्याला ते डोके अगदी शेवटच्या क्षणी दिसते, तेही लाटा नसतील तर.

पाणबुड्याला यंत्राचा आवाज ऐकू येत नाही काय, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्भवेल. आवाज येतो, आणि फार लवकर येतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक. परंतु याच वेगामुळे घोटाळा होतो. हवेत आवाज एका कानावर क्षणभर आधी व दुसऱ्यावर क्षणभर नंतर पडतो आणि त्या सूक्ष्म अंतरावरून मेंदू दिशा ओळखतो. पाण्यात ते अंतर चौथ्या हिश्शाहून कमी होते. त्यामुळे नौका आली आहे एवढे कळते. ती उजवीकडून आली की डावीकडून, हे कळत नाही.

१८ डिसेंबर २००० रोजी मेक्सिकोतील कोसुमेल बेटानजीक इंग्रज गायिका कर्स्टी मॅकॉल आपल्या मुलांसमवेत बुडी मारून वर येत होती. ते पाणी बुड्या मारणाऱ्यांसाठी राखलेले होते. तरीही एक वेगवान मोटारबोट तेथे शिरली. मुलाला बाजूला ढकलण्याइतका अवधी तिला मिळाला. स्वतःला वाचविण्याइतका मिळाला नाही. नकाशावर राखून ठेवलेली सीमा पाण्यावर दिसत नाही, हे या घटनेवरून ध्यानात येते. खूण जागेवरच असावी लागते, आणि ती ओळखणारा व मानणारा मनुष्य नौकेच्या सुकाणूवर असावा लागतो.

आज दोन निशाणे प्रचलित आहेत. पहिले तांबडे असून त्यावर काठीजवळच्या वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक पांढरा पट्टा जातो. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या डेन्झेल डॉकरी या पाणबुड्याने ते १९५६ मध्ये योजले. ‘येथे खाली माणूस आहे’ एवढाच त्याचा अर्थ. दुसरे आंतरराष्ट्रीय सांकेतिक निशाणांपैकी ‘अल्फा’ हे होय : काठीकडील अर्धा भाग पांढरा, बाहेरचा निळा, व टोकाला खाच. ते नौकेवर लावतात. ‘माझा पाणबुड्या खाली आहे, दूर राहा व सावकाश जा’ असे ती नौका त्याद्वारे सांगते. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी १९७२ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, पाणबुड्यांचे काम चाललेल्या लहान नौकेने या निशाणाची किमान एक मीटर उंचीची ताठ प्रतिकृती चोहोबाजूंनी दिसेल अशी लावावयाची असते. काठावरून पोहत निघालेल्या भालेकऱ्यास नौकाच नसते. त्याचे निशाण त्याच्या बोयावरच हवे.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचा कायदा या बाबतीत बराच तपशीलवार आहे. बोयावरील निशाण निदान ३० सेंटिमीटर लांबरुंद असावे, आणि वारा पडला तरी ते लोंबू नये म्हणून त्यास ताठ राखणारी काडी असावी, असे तो सांगतो. पाणबुड्याने खुल्या पाण्यात निशाणापासून ३०० फुटांच्या आत, तर नदीत व अरुंद जलमार्गात १०० फुटांच्या आत राहावयाचे. आणि नौकांनीही शक्यतो तेवढेच अंतर राखावयाचे. ३०० फूट म्हणजे ९१ मीटर. वरील गणितातील ८३ मीटरांशी हा आकडा ताडून पाहिल्यास तो पुरेसा का आहे, व कडेला राहणे किती अपुरे आहे, हे दोन्ही समजते. आणखी एक कलम फार महत्त्वाचे आहे : पाण्यात कोणी नसताना निशाण उभे ठेवू नये. दिवसभर रिकाम्या पाण्यावर फडकणारे निशाण पाहून नावाडी त्याकडे दुर्लक्ष करण्यास शिकतो, आणि ज्या दिवशी खाली खरोखर माणूस असतो त्या दिवशीही तो तसाच जातो.

बोया कसा असावा हे शाळेतील बादलीतही पाहता येते. झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटलीच्या तोंडात बुचाच्या आधाराने एक काडी उभी करावी व ती बाटली पाण्यात सोडावी. ती ताबडतोब आडवी होते. आता बाटलीच्या बुडाला दोऱ्याने एखादा जड खिळा टांगावा. काडी उभी राहते, व बोटाने वाकविली तरी पुन्हा सरळ होते. भार तळाशी गेल्यामुळे गुरुत्वमध्य खाली आला, एवढेच त्याचे कारण. बोयाला किती वजन पेलते हे आर्किमिडीजच्या नियमाने निघते. दहा लिटर आकारमानाचा व एक किलो वजनाचा बोया गोड्या पाण्यात नऊ किलोंचा भार धरतो, खाऱ्या पाण्यात त्याहून किंचित अधिक. थकलेल्या माणसाचे डोके पाण्यावर ठेवण्यास तेवढा आधार पुरतो. निशाणाची काठी हातभर तरी उंच हवी, कारण अर्धा मीटर उंचीची लाटही बुटक्या बोयाला सहज झाकून टाकते.

खरे कौशल्य दोरात आहे. निशाण चुकीचे असले तर ते निरुपयोगी ठरते. दोर चुकीचा असला तर तो प्राण घेतो.

प्रथम लांबीचा विचार करू. दहा मीटर खोलीवर काम करणाऱ्याने २६ मीटर दोर सोडला, तर पायथागोरसाच्या सिद्धांतानुसार बोया त्याच्या माथ्यापासून २४ मीटर दूर जाऊ शकतो. नावाडी निशाणाला मान देऊन त्याच्यापासून पंचवीस मीटरांवरून गेला, तरी तो नेमका पाणबुड्याच्या डोक्यावरून जाईल! दोर १५ मीटरांचा केल्यास हे अंतर सुमारे ११ मीटरांवर येते. म्हणजे दोर जितका सैल, तितके निशाण खोटे बोलते. पण अगदी खोलीइतकाच आखूड दोरही चालत नाही. प्रत्येक लाटेसरशी तो हाताला हिसका देतो व वाऱ्याने बोया ओढला गेला की पाणबुड्याही ओढला जातो. खोलीच्या दीडपट हा सोयीचा मध्य होय, व उरलेला दोर बोयाला गुंडाळून ठेवणे इष्ट.

दोर कशाचा असावा यातही दोन बाजू आहेत. पॉलिप्रोपिलीनचा दोर पाण्याहून हलका असल्याने तरंगतो, आणि खडकांत, प्रवाळांत किंवा पाणबुड्याच्या पायांत सहसा अडकत नाही. म्हणून भालेकरी तोच पसंत करतात. नायलॉनचा दोर पाण्याहून जड असल्याने बुडतो. परंतु तरंगणाऱ्या दोराचा सैल भाग पृष्ठभागावर पसरतो व जवळून जाणाऱ्या नौकेच्या पंख्यात गुंततो. तेव्हा सैल भाग कमी ठेवणे हे पुन्हा ओघानेच आले.

दोराचे खालचे टोक भाला सोडणाऱ्या बंदुकीच्या मागील बाजूस बांधावे. ते मनगटाला गुंडाळू नये, कमरेला गाठ मारून तर मुळीच बांधू नये. मोठा मासा भाल्यासह खोल पाण्याकडे धावला, तर बंदूक सोडून देता आली पाहिजे. बोया त्या माशामागे पाण्यावरून घसटत जातो, त्याच्या ओढीने मासा दमतो, आणि माणूस वर येऊन श्वास घेतो. कमरेला दोर असलेला माणूस माशाबरोबर खाली जातो. खाली जाताना दोर मागे सरळ राहील असे उतरावे, त्याभोवती प्रदक्षिणा घालू नये, व वर येताना दोराकडे तोंड करून, एक हात डोक्याच्या वर धरून, नजर चोहोकडे फिरवीत बोयाजवळच यावे. कोणत्याही हाताने काढता येईल असा चाकू अंगावर असावाच. टिपलेले मासे कमरेला न लटकविता बोयाच्या दोरीत ओवणे बरे. रक्ताच्या वासाने येणारे मोठे मासे मग बोयाकडे जातात.

निशाण नौकांशी बोलते, तसा दोर सोबत्याशी बोलतो. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. त्यामुळे फुप्फुसातील प्राणवायूचा आंशिक दाबही दुप्पट असतो व पाणबुड्यास आपण ठीक आहोत असे वाटत राहते. तो वर निघाला की तो दाब झपाट्याने घसरतो, आणि अनेकदा शेवटच्या काही मीटरांत, कोणतीही पूर्वसूचना न होता, शुद्ध हरपते. बुडीपूर्वी जोरजोराने श्वास घेणाऱ्यास हा धोका अधिक. कारण त्याने श्वासाची निकड निर्माण करणारा कार्बन डायऑक्साइड आधीच बाहेर टाकलेला असतो. अशा वेळी सोबती वर थांबून बोयाकडे पाहत असेल, तर कोठे उतरावयाचे हे त्यास क्षणात कळते. प्राणवायूवाचून मेंदूला चार-सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते, व विस्तीर्ण पाण्यात शोध घेण्यातच तेवढा वेळ निघून जातो. म्हणून दोघांनी एकाच वेळी बुडी मारू नये. एक खाली, एक वर.

वाहत्या नदीत मात्र हे सर्व नियम जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. भेडाघाटच्या धुआँधार धबधब्याजवळ जसा ओढ असतो, तसल्या प्रवाहात खडकात अडकलेला दोर माणसाला वाचवीत नाही. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. ताणलेल्या दोराला बांधलेला मनुष्य त्या रेट्याने पाण्याखाली दाबला जातो व पोहता येत असूनही वर येऊ शकत नाही. प्रवाहात उतरणाऱ्या शोधपथकांच्या जाकिटावरील पट्टा एका हिसक्यात सुटेल असाच केलेला असतो, तो याच कारणाने.

राहिला नावाडी. बरगी धरणाच्या जलाशयावर वल्ह्यांच्या जोडीला यंत्रे आली. कोकणात तर ती केव्हाच आली आहेत. निशाण दिसताच त्याने वेग उतरवावा, लांबून वळसा घालावा, आणि जवळून जाणे टळतच नसेल तर ज्या बाजूला दोर पसरला असण्याचा संभव आहे ती सोडून दुसऱ्या बाजूने, अगदी मंद गतीने जावे. एक निशाण दिसले म्हणजे खाली एकच माणूस आहे असे धरून चालू नये. जवळ कोणाचे डोके वर आले तर पंखा प्रथम थांबवावा, हाक नंतर मारावी. कारण नुकत्याच वर आलेल्या माणसाच्या कानांत पाणी असते, आणि तो पहिल्या दोन श्वासांपर्यंत कशालाच उत्तर देत नाही.