कुरकुर आणि गाऱ्हाणे

वाचन : गणना ११:१-१७, प्रेषितांची कृत्ये ६:१-७

वंगण संपलेल्या बंडीच्या चाकाचा आवाज जामसांवली-सौंसरकडच्या जुन्या वाचकांना समजावून सांगायला नको. कुरकुर हा शब्द तसल्याच आवाजाचा. नव्या वहाणा कुरकुरतात, जुना पाळणा कुरकुरतो आणि माणूसही कुरकुरतो. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत यासाठी 'गोंगुस्मोस' हा शब्द आहे. तोही असाच नादावरून बनलेला.

किरकिर लहान मूल करते. कुरबूर दोघांमध्ये होते. तक्रार हा मूळ अरबी शब्द, आणि तेथे त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा करणे असा आहे (अनुभवही तोच!). गाऱ्हाणे मात्र कोणापुढे तरी घालावे लागते. कुरकुरीला समोर कोणी लागत नाही. उलट, तो माणूस समोर नसला तरच ती रंगते.

गणना ११ मध्ये लोकांना मान्नाचा वीट आला. मिसरातले मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवले. तिथली वेठबिगारी तेवढी आठवली नाही. माणसे आपापल्या तंबूच्या दारी रडत बसली. त्याच अध्यायात मोशेही थकलेला आहे. त्याचे बोलणे लोकांपेक्षा कडक आहे. हे ओझे वाहण्यापेक्षा मला मारून टाक, इथवर तो जातो. पण तो ते परमेश्वरालाच सांगतो. त्याला बोल लागत नाही. ओझे वाटून घ्यायला सत्तर वडील मिळतात.

यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. तेथे लूक 'गोंगुस्मोस' हाच शब्द वापरतो. प्रेषितांनी कोणाला दटावले नाही. सभा बोलावली व सात जण निवडायला सांगितले. त्या सातांची नावे पाहा, सगळी ग्रीक आहेत.

म्हणून फिलिप्पै २:१४ दाखवून कोणाचे तोंड बंद करणे मला पटत नाही. पौलाने ते वाटपाचा हिशेब विचारणाऱ्या विधवेसाठी लिहिलेले नाही.

चर्चेसाठी : उपासनेनंतर फाटकापाशी आपण काय बोलतो? त्यातले किती पंचांच्या समोर बोलू? आणि पंचांनो, ते ऐकायला मंडळीच्या सभेत वेळ ठेवला आहे काय?