कुत्र्यांतील पांडुरोग

बीड जिल्ह्यांतील खेड्यांत धनगराच्या मेंढ्या, शेतावरील खळें व रात्रीचा गोठा यांची राखण कुत्राच करतो. असा हा इमानी प्राणी एखादे दिवशीं सुस्त होतो, भाकरीला तोंड लावीत नाहीं, थोडें धांवतांच धापा टाकतो. आणि घरचीं माणसें ‘उन्हानें थकला’ असें म्हणून तिकडे दुर्लक्ष करतात. अशा वेळीं त्याचा ओठ उचलून हिरडी पाहावी. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. ती पांढुरकी दिसल्यास पांडुरोगाची शंका घ्यावी. (कित्येकांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, तेथें डोळ्याची खालची पापणी ओढून पाहावी.)

पांडुरोग म्हणजे रक्तांतील तांबड्या पेशींची उणीव. निरोगी कुत्र्याच्या १०० भाग रक्तांत या पेशी सुमारें ३७ ते ५५ भाग असतात. रक्त वाहून गेल्यानें, पेशी शरीरांतच फुटल्यानें, किंवा हाडांतील मगजांत नव्या पेशी न झाल्यानें ही उणीव येते. तेव्हां पांडुरोग हें लक्षण होय. मूळ कारण शोधल्यावांचून नुसतें लोहाचें औषध पाजून भागत नाहीं.

आपल्याकडे मुख्य शत्रु म्हणजे गोचीड. ती रक्त तर पितेच, परंतु त्याहून वाईट गोष्ट ही कीं ती रक्तांत सूक्ष्म जंतु सोडते. त्यांपैकीं ‘बबेसिया’ हा जंतु तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. मग ताप येतो आणि कधीं कधीं लघवी तांबूस होते. या जंतूची एक जात, ‘बबेसिया गिब्सोनी’, आपल्याच देशांत ओळखली गेली : १९१० सालीं पॅटन या शास्त्रज्ञानें मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या व पुढें कोल्ह्यांच्या रक्तांत ती पाहिली. ‘एर्लिकिया’ नांवाचा दुसरा जंतु जुनाट झाला म्हणजे मगजच निकामी करतो, आणि नाकांतून रक्त येऊं लागतें. कुत्र्याची गोचीड रक्त पिऊन खालीं पडते व भिंतीच्या भेगांत हजारों अंडीं घालते. म्हणून कुत्र्याबरोबर त्याची बसण्याची जागाही स्वच्छ केली पाहिजे. अंगावर रॉकेल चोळण्याची चाल मात्र घातक आहे.

पिल्लांची गोष्ट निराळी. दोन-तीन आठवड्यांचीं गुबगुबीत पिल्लें एकामागून एक मरतात आणि लोक दृष्ट लागली म्हणतात. पुष्कळदां हा अंकुशकृमीचा प्रताप असतो. हा कृमि आईच्या दुधांतूनच पिल्लांत येतो, आंतड्याला चिकटून रक्त शोषतो, व विष्ठा काळी, डांबरासारखी होते. विष्ठेंत कृमीचीं अंडीं दिसण्यापूर्वींच पिल्लूं दगावूं शकतें, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासूनच जंताचें औषध सुरू करतात. याच कृमीच्या अळ्या अनवाणी मुलांच्या कातडींतही शिरतात व तेथें खाजरे, नागमोडी वळ उठतात.

एक कारण आपल्या ताटांतलेंच आहे. कांदा, मग तो कच्चा असो वा कालवणांत शिजलेला, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. भाकरीबरोबर कांद्याचें कालवण रोज घालणारे हें प्रेमानेंच करतात! उंदरांचें विष खाल्ल्यानेंही रक्त गोठेनासें होऊन तें शरीरांत झिरपतें. तेथें विलंब म्हणजे मृत्यूच.

निदानासाठीं कानाच्या टोकाचा रक्ताचा एक थेंब कांचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. बबेसिया त्यांत पुष्कळदां दिसतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत कुत्र्यास प्रथम न्यावें. अवघड रोग्यांसाठीं परभणी व उदगीर येथें पशुवैद्यकीय महाविद्यालयें आहेत. नेतांना अंगावरची एखादी गोचीड झांकणाच्या बाटलींत घालून बरोबर घ्यावी, आणि ती बोटांनीं चिरडूं नये.