विवेकनिष्ठा आणि कुलीनता

ख्रिस्ती नीतिविचारात खरी कुलीनता जन्मावर नव्हे, तर सदसद्विवेकबुद्धीशी राखलेल्या इमानावर ठरते. या विधानाची पारख करण्यास जॉन वूलमनचे (१७२०–१७७२) चरित्र उपयोगी पडावे. न्यू जर्सीतील माउंट हॉली गावचा हा क्वेकर पंथीय शिंपी. तरुणपणी धन्याच्या सांगण्यावरून त्याने एका गुलाम स्त्रीचे विक्रीपत्र लिहून दिले. गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, असे त्याने बोलून दाखविले; लेखणी मात्र थांबविली नाही. ती टोचणी मनात राहिली. पुढे गुलामांना वारसाहक्काने देणारी मृत्युपत्रे लिहिण्याचे त्याने नाकारले आणि हाती येणारी मिळकत सोडली. १७५७ च्या दक्षिणेकडील प्रवासात गुलामांच्या मालकांकडे उतरणे भाग पडे, तेव्हा घरात राबणाऱ्या गुलामांच्या सेवेचा मोबदला तो देऊ करी. यजमानाला हे अवघड वाटे. खुद्द त्यालाही वाटे. रंगविलेले कापडसुद्धा त्याने कालांतराने वर्ज्य केले. हा अतिरेक वाटेल, कदाचित तो होताही. परंतु दोष दाखविताना त्याने कोणाचा उपमर्द केला नाही, हे अधिक दुर्मीळ होय. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १७७६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या क्वेकर वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगण्यास मनाई केली.