मागे राहिलेले भावंड

थोरले मूल शिक्षणासाठी बाहेरगावी निघाले की साऱ्या घराचे लक्ष त्याच्याकडे लागते. त्याचे वसतिगृह, त्याची खाणावळ, त्याची फी! आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून पुण्याची वा कोट्याची वाट धरणारी मुले काही थोडी नाहीत. त्याच घरात मागे राहिलेल्या धाकट्या भावंडाची विचारपूस मात्र क्वचितच होते. बालरोगतज्ज्ञ या नात्याने हे मला ठाऊक असावयास हवे होते. पण ते मी माझ्याच घरी शिकलो, आणि तेही उशिरा.

मुलगा पुण्यास गेला तेव्हा कन्या दहा वर्षांची होती. दोनच आठवड्यांत तिचे पोट दुखू लागले. जंतांचे औषध झाले, लघवीची व शौचाची तपासणी झाली, सोनोग्राफीही झाली. दोष कोठेच नव्हता. अखेर माझी आई सहज म्हणाली, "अरे, तिचं पोट रोज पानं घेण्याच्या वेळेलाच दुखतं. दादाचं पान तीच घ्यायची ना?" २५ वर्षांच्या व्यवसायात मला हा प्रश्न सुचला नव्हता.

जॉन अ‍ॅप्ली व नोरा नेश यांनी १९५८ मध्ये इंग्लंडमधील एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे दहांतील एका मुलास वारंवार पोटदुखी होत असे, आणि त्यांपैकी बहुतेकांत शारीरिक व्याधी सापडली नाही. तरीही वेदना खरीच असते. मेंदू व आतडे यांचा मज्जातंतूंद्वारे अखंड संवाद चालतो. मनावरील ताणाने आतड्याची संवेदना तीव्र होते. अशा मुलास 'सोंग करतोस' म्हणणे हा अन्याय होय. अर्थात वजन घटणे, वाढ खुंटणे, ताप, शौचातून रक्त, वारंवार उलट्या, झोपेतून जागे करणारी किंवा बेंबीपासून दूरची वेदना यांपैकी काही आढळल्यास कसून तपासणी हवीच.

अगदी लहान मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागतात. किशोरवयीन गप्प होतात. काहींना स्वतंत्र खोली मिळाल्याचा आनंद होतो आणि मग त्या आनंदाचीच लाज वाटते. उदासी, निद्रानाश वा शाळेविषयीची अनास्था दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आमच्याकडे फोनवर आम्हीच सारे बोलून घेत असू. शेवटी "हं, आता हिच्याशी बोल" एवढेच उरे. मग रोजची पहिली दहा मिनिटे तिची ठरली. काय बोललात, हे आम्ही विचारीत नसू. मुलाच्या टेबलावर मी घाईने मांडलेली माझी पुस्तके उचलली. शाळा मात्र बुडू दिली नाही. दिवाळीपर्यंत दुखणे पुष्कळ कमी झाले; पूर्ण थांबावयास आणखी काही महिने लागले.

हल्ली वसतिगृहासाठी वैद्यकीय दाखला घेण्यास कोणी आले, की सोबतच्या धाकट्यालाही मी खुर्ची देतो. "दादा गेल्यावर घरात काय बदलेल रे?" एवढेच विचारतो. मागे एकाने क्षणभर विचार करून सांगितले, "रात्री दिवा मलाच घालवावा लागेल." त्याची आई चमकून त्याच्याकडे पाहू लागली.